लातूरला पाठवलेल्या शंका

फेब्रुवारी लागला की आमच्या नांदेडच्या गल्लीतून जाणाऱ्या मुलींची चाल बदलते. पाठीला जड दप्तर, हातात पाण्याची बाटली, डोळे समोर पण नजर कुठंच नाही, आणि ओठ सारखे हलत असतात. माझ्या खिडकीखालून जाताना कधी एखादं सूत्र कानावर पडतं, कधी एखाद्या वनस्पतीचं लांबलचक नाव. चौकातल्या मोठ्या फलकावर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्यांचे चेहरे असतात. उन्हानं ते फिके झालेले असतात, तरी हसत असतात. मी खिडकीशी लॅपटॉप उघडून बसलेली असते आणि मला त्या मुलींचा हेवा वाटतो. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं सतरा वर्षांच्या पोरींचा हेवा करावा हे शोभत नाही. पण वाटतो, आणि लिहायलाच बसले आहे तर खोटं कशाला लिहू? त्यांचं अजून सगळं व्हायचं आहे. माझं जे व्हायचं ते किल्लारीच्या भूकंपाच्या साली होऊन गेलं.

आमच्याकडं लोक अजून असंच बोलतात. लग्न भूकंपाच्या आधीचं, विहीर भूकंपानंतरची, थोरला भूकंपाच्या वेळी पोटात होता. या फेब्रुवारीत तेच शब्द माझ्या कामात आले, आणि तो सगळा हंगाम माझ्यासमोर परत येऊन बसला.

माझं काम आधी सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नवीन औषध बाजारात येण्याआधी दवाखान्यांतून माणसांवर त्याची चाचणी होते. ज्यांच्यावर होते ती माणसं काही कोरी नसतात. कुणाला रक्तदाब, कुणाला गुडघेदुखी, कुणी पित्ताची गोळी वर्षानुवर्षं खात असतो. नव्या औषधाबरोबर चालणाऱ्या या सगळ्या गोळ्यांना आम्ही सोबतची औषधं म्हणतो. दवाखान्यातली माणसं ती जशी ऐकली तशी लिहून पाठवतात. एकाच गोळीचं नाव दहा तऱ्हांनी येतं. कुणी नुसतं 'लाल गोळी' लिहितं, कुणी 'ताकदीची'. कधी सुरू केली या रकान्यात नुसतं साल असतं, कधी तेही नसतं. मी ती नावं शोधते, प्रत्येक नावाखाली खरं औषध कोणतं ते ठरवते, गोळी नव्या औषधाच्या आधीची की नंतरची ते लावते. जिथं कळत नाही तिथं दवाखान्याला शंका लिहून पाठवते. त्यांचं उत्तर आलं की शंका बंद. सगळ्या शंका बंद झाल्या की यादी विश्लेषण करणाऱ्यांकडं जाते, मग तिला कुणी हात लावत नाही.

हे काम मला चांगलं जमतं. का जमतं याचं श्रेय अब्बांचं. अब्बा नांदेडच्याच वजिराबादेत एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होते. डॉक्टरांचं कसलंही अक्षर त्यांना लागायचं. मी शाळेतून परस्पर दुकानात जायची, आणि ते पाकिटं माझ्यासमोर मांडायचे. "बेटा, गोली की सूरत नक्को देख," ते म्हणायचे, "नाम पढ. नाम के नीचे बारीक क्या लिखा है, वो पढ." बारीक अक्षरांत खरं औषध असतं आणि मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. आमच्या घरात याहून मोठी दौलत नव्हती, आणि ती फक्त माझी आहे असं मला वाटायचं.

बारावीला मी लातूरला होते. लातूरला शिकलं की मेडिकल मिळतं ही गोष्ट तेव्हा नुकतीच गावोगाव पोचू लागली होती. माझ्या खोलीत वैजयंती होती, मुखेडकडच्या एका खेड्यातली, प्राथमिक शिक्षकांची मुलगी. सगळे वैजू म्हणायचे. उंच, सावळी, दोन वेण्या, आणि पाठ करताना खोलीभर येरझाऱ्या. तिच्या आईकडून धपाटे यायचे. त्यातले निम्मे ती न विचारता माझ्या डब्यात टाकायची. तिच्यावर रागावणं फार अवघड होतं. मला ते तरीही जमलं.

भूकंपाच्या पहाटेबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी माणसं गमावली त्यांनी ते लिहावं. आमच्या खोलीला फक्त तडा गेला होता. मला आठवतो तो त्यानंतरचा महिना. छताखाली बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आमचे वर्ग मैदानात भरायचे. फळा दोन खुर्च्यांवर टेकवलेला, खडूची पूड वाऱ्यानं पहिल्या रांगेच्या डोळ्यांत. एकदा सर रसायनशास्त्र शिकवत असताना जमीन हलकीशी हलली. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. सर थांबले, पाण्याकडं पाहिलं, ते स्थिर झाल्यावर समीकरण पुरं केलं. आम्ही ते उतरवून घेतलं. रस्त्यावरून पत्रे लादलेले ट्रक किल्लारीकडं जायचे आणि पत्र्यांचा आवाज सरांच्या आवाजावर चढायचा. सगळ्या गावाला ब्लीचिंग पावडरचा वास होता.

मदतीची औषधं येऊन कॉलेजच्या हॉलमध्ये पडली होती. कुठून कुठून आलेली खोकी, ओळखू न येणारी नावं, अर्धी पाकिटं, सुट्या बाटल्या. विज्ञानाच्या मुलांनी ती लावून द्यावीत असं ठरलं. हॉल जमिनीला लागून आणि मोठ्या दारांचा, म्हणून लोक त्यात जायला तयार झाले. पहिल्या दिवशी कुणाला काही सुचेना. मुलं रंगावरून गोळ्या लावत होती. मी खोकं उघडलं, बारीक अक्षर वाचलं आणि बोलायला लागले. ही आणि ती एकच. ही तापाची. ही मुदत संपलेली, बाजूला टाका. दुपारपर्यंत सगळे मला विचारून हात हलवत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या खोलीच्या मधोमध उभी होते.

"मला पन शिकव की," वैजू म्हणाली.

मी शिकवलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याइतक्याच वेगानं वाचत होती. मला जे अब्बांच्या काउंटरमागं उभं राहून दहा वर्षांत आलं ते तिनं तीन दिवसांत उचललं, आणि वर एक वही आखून सगळं व्यवस्थित लिहूनही काढलं. चौथ्या दिवशी बाहेरून आलेले एक वयस्कर डॉक्टर हॉलमध्ये आले. खोक्यांच्या रांगा पाहून ते थबकले. "हे कुणी केलं?" वही वैजूच्या हातात होती. त्यांनी तिच्या पाठीवर थाप दिली. म्हणाले, "पोरी, तू डॉक्टर होणार." वैजू म्हणाली, "सर, हिनंच आम्हाला..." पण तोवर कुणीतरी त्यांना बाहेर बोलावलं होतं. ती माझ्याकडं वळून हसली. मी खोक्यात मान घातली.

त्या हिवाळ्यात मी तिच्या प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवून होते. ती किती वाजता उठते, कोणतं पान वाचते, सर कुणाकडं पाहून शिकवतात. ती झोपली की मला बरं वाटायचं. डिसेंबरात एकदा जीवशास्त्राच्या सरांनी मला सांगितलं, की रविवारची चाचणी सकाळी सातला घेणार, वैजयंतीलाही सांग. मी मान डोलावली आणि सांगितलं नाही. वैजू नऊला पोचली तेव्हा पेपर गोळा होत होते. सर तिला सगळ्यांसमोर बोलले. "मला कुनी सांगितलं न्हाई, सर," ती एवढंच म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

जूनमध्ये निकाल लागला. तिला मेडिकल मिळालं. मी दोन गुणांनी राहिले. अब्बा नांदेडहून पेढे घेऊन आले होते, माझा निकाल काय लागेल ते माहीत नसताना. त्यांनी ते पेढे तसेच वैजूच्या हातात ठेवले. "मुबारक हो, बेटा," ते तिला म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच आनंदानं भरले होते. परतीच्या एसटीत ते मला म्हणाले, "फार्मसी भी तो दवा का च इल्म है." तीही औषधाचीच विद्या, त्यांच्या लेखी. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. अब्बांचा तेवढा राग मला पुन्हा कधी आला नाही. आता ते नाहीत, आणि मला वाटतं त्या दिवशी मी एक पेढा तरी खायला हवा होता.

मी फार्मसी केली, नोकऱ्या केल्या, लग्न झालं, मुलगा मोठा झाला. वैजूच्या बातम्या कानावर यायच्या. एमडी झाली. लातूरलाच दवाखाना टाकला. लोक लांबून येतात. मी कधी फोन केला नाही.

गेल्या वर्षी मधुमेहाच्या एका नव्या औषधाची चाचणी आमच्या कंपनीकडं आली. दवाखान्यांच्या यादीत लातूरचं एक नाव होतं, आणि मुख्य डॉक्टरच्या जागी वैजयंती. आडनाव सासरचं, पण सही तीच. पहिल्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली.

तेव्हापासून मी लातूरला जरा जास्तच शंका पाठवायला लागले. एकही शंका खोटी नव्हती. म्हणून तर ते इतकं सोपं होतं. तारखेतला महिना राहिला, पाठव. गोळीचं कारण लिहिलं नाही, पाठव. दुसऱ्या दवाखान्यांच्या अशाच गोष्टी मी स्वतः समजून घेऊन पुढं जायची. लातूरच्या बाबतीत मला काही म्हणून समजून घ्यायचं नव्हतं. भरल्या दवाखान्यात तिला माझं एकेक वाक्य वाचावं लागत असेल, या कल्पनेनं माझी सकाळ चांगली जायची.

आणि मग एकोणिसाव्या क्रमांकाच्या बाईंची यादी समोर आली. आम्हाला नावं कळत नाहीत, फक्त क्रमांक. वय एकसष्ट. अंगदुखीची एक गोळी. कारण, कंबरदुखी. कधीपासून, तर 'भूकंपाच्या सालापासून, भिंत पडली तेव्हापासून.' अजून चालू. नियमाप्रमाणं यात अडचण नव्हती. गोळी जुनी, चाचणीच्या किती तरी आधीची. पण पहिल्या भेटीत लिहिलेलं नाव आणि चौथ्या भेटीतलं नाव यांत एका शब्दाचा फरक होता. नंतरच्या नावापुढं 'प्लस' होतं. तिथं चाचणीच्या नोंदी ठेवणाऱ्या समन्वयक मुलीनं दोन्ही एकच धरून जुन्याच ओळीत घातलं होतं. त्याच बाईंच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे तिसऱ्या भेटीनंतर चढत गेले होते, आणि नव्या औषधामुळं असावं असं वैजूनं नोंदवलं होतं.

मी शंका पाठवली: ही तीच गोळी आहे का? उत्तर आलं: होय, तीच, भूकंपापासून घेतात. मी बंद केली नाही. पुन्हा पाठवली: खात्री करावी. पुन्हा उत्तर: रुग्ण तेच सांगतात.

पुण्याच्या ऑफिसातून अमोलचा फोन आला. तो सगळ्या कामाचं वेळापत्रक सांभाळतो. "मॅडम, यादी पुढं द्यायचीय. त्यांनी दोनदा उत्तर दिलंय. बंद करा ना."

"नाही. मला पाकिटावरचं नाव हवंय."

"एक विचारू? लातूरवर तुमचा काही राग आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि तिसऱ्यांदा लिहिलं: रुग्णाला गोळ्यांसकट बोलवावं, पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं नाव कळवावं. मला अब्बा आठवत होते हे खरं. पण त्याहून जास्त मला वैजूची चूक सापडायला हवी होती. ती चूक कागदावर, तिच्या नावापुढं, कायमची.

दहा दिवस काही आलं नाही. अमोल रोज कुरकुरत होता. मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हॅलो, रेहाना बोलून राहिली का?"

तीस वर्षांनी तो आवाज ऐकला. थोडा जाड झालेला. बाकी तसाच.

"शंका दवाखान्यातल्या पोरीच बघतात. ही तिसरी मी सोता बघितली, तर खाली तुझं नाव," ती म्हणाली. "म्हटलं नांदेडची रेहाना दुसरी कोन असनार. अमोलरावांच्या मागं लागून नंबर घेतला. ऐक आधी. बाईला बोलावलं. ती पाकीट न्हाई, पिशवीच घेऊन आली. तुझं बरोबर हाय. जुनी गोळी साधी होती. ही वेगळीच हाय, हिच्यात आनखी एक औषध हाय, किडनीला बाधनारं. दुकानदारानं दिली, तीच हाय पन जोराची म्हनून. दिवसाला तीन खाऊन राहिली होती. मी बंद केली त्याच दिवशी. आज तपासलं, आकडा उतरायला लागलाय."

मी लॅपटॉपवर एकोणीस क्रमांकाची ओळ उघडली.

"तू न विचारतीस तर मी त्या नव्या औषधालाच दोष देऊन बसले असते आन् ही बाई जोराची गोळी खातच राहिली असती. कसं सुचलं गं तुला?"

आता 'अब्बांनी शिकवलं होतं' एवढं म्हणून गप्प बसता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण तिच्या आवाजात इतकं खरं कौतुक होतं, की मला ते घेता येईना.

"वैजू, मी चांगल्या मनानं नाही विचारलं."

"म्हंजे?"

"तुझी चूक निघावी म्हणून विचारलं. वर्षभर तेच चाललंय. तुला जास्त शंका येतात, कळलं नाही का?"

पलीकडं दवाखान्याचा आवाज येत होता. कुणीतरी नंबर पुकारत होतं. मला वाटलं ती ठेवून देईल. मग, सुरू केलंच आहे तर, मी तिला डिसेंबरातली चाचणीही सांगितली.

"कोनती चाचणी?" वैजूनं विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. रविवार. सात वाजता. सर सगळ्यांसमोर बोलले ते.

"न्हाई गं. मला न्हाई आठवत."

ती मला माफ करायचं म्हणून तसं म्हणत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. मी जे तीस वर्षं वाहत होते त्याला तिच्या आयुष्यात एका ओळीचीही जागा नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की विसरण्यातसुद्धा ही माझ्यापुढं गेली.

"बरं, मग एक कर," ती म्हणाली. "लातूरला ये. माझ्या पोरींना शिकव, पेशंटला औषधं कशी इचारायची ते. आन् असल्याच वाईट मनानं शिकव. चांगल्या मनानं इचारून आमी काय केलं ते पाहिलंस ना?"

मी हसले. किती वर्षांनी तिच्यासोबत हसले ते मोजलं नाही.

कंपनीनं परवानगी दिली आणि मार्चमध्ये मी गेले. एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत निघाली. खिडकीतून हरभऱ्याची काढलेली रानं दिसत होती. लातूर ओळखू येत नव्हतं. गल्लीगल्लीला शिकवण्या, वसतिगृहं, खानावळी, आणि फलकांवर चेहरेच चेहरे. आमच्या वेळी मैदानात टेकवलेला एक फळा होता.

वैजूचे केस पांढरे झाले होते आणि तिनं ते रंगवले नव्हते. तिला मिठी मारताना माझ्या डोळ्यांनी आपली मोजणी करून घेतली: दारावरची पाटी, भिंतीवरच्या पदव्या, बाहेर बाकांवर बसलेली माणसं, ती आत आली की उठून उभी राहणारी. गळ्यातला स्टेथोस्कोप ती बोलता बोलता विसरून गेली होती, जशी मी माझी ओढणी विसरते. तेवढ्यासाठी मी काय नसतं दिलं.

दुपारी तिनं मला बाह्यरुग्ण विभागात तिच्या टेबलाशी बसवलं. दोन्ही समन्वयक मुली मागं उभ्या. पहिल्याच आजी आल्या, नऊवारी, हातात मेणकापडाची पिशवी. "मावशी, ती पिशवी ह्यांच्यापुढं ओता," वैजू म्हणाली. त्या एकोणीस क्रमांकाच्या की दुसऱ्या कुणी, मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

पाकिटं टेबलभर पसरली. मी एकेक उचलली. ही कधी घेता? जेवणाआधी की नंतर? ही कुणी दिली? ही संपली तर काय करता? आजी सांगत गेल्या. ही शेजारणीनं दिली, तिला गुण आला म्हणून. ही लेकाच्या गावची. ही कशाची ते ठाऊक न्हाई, पर सोडली की झोप येत न्हाई. मागं मुलींची पेनं भराभर चालत होती.

"डॉक्टरीणबाई," आजींनी मला विचारलं, "ही पांढरी खाऊ का नगं?"

मी वैजूकडं पाहिलं. तिनं आजींची चूक दुरुस्त केली नाही, हसलीही नाही. मी काय म्हणते याची वाट पाहत राहिली. एक क्षणभर मी ते नाव अंगावर ठेवलं. खरं सांगते, फार छान वाटलं.

"मी डॉक्टर नाही, मावशी," मी म्हणाले. "मी नुसती नावं वाचते. डॉक्टर त्या. खायची की नाही ते त्या सांगतील."

आजींनी आमच्या दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या. "पर इतकी वर्सं मी दवाखान्यात येऊन राहिले, पिशवी उघडा म्हून आजपातूर कुनी म्हटलं न्हवतं."

मागं पेनं थांबली. वैजूनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला नाही.

"बघ," ती हळू आवाजात मला म्हणाली, "वीस वर्षं ह्या माझ्याकडं येतात. मला असं कधी म्हनल्या न्हाईत."

तिच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. माझ्याइतकं ते कुणी ओळखू शकलं नसतं.

मी खुर्ची थोडी सरकवून टेबलाशी जागा केली. "ये, इकडं बस," मी म्हणाले. "आणि चष्मा लाव. अक्षर फार बारीक आहे."